प्राथमिक शिक्षकाची जडणघडण : ट्रेनिंग कॉलेजपासून पदवीपर्यंत

मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या गुरुजींचे नाव माणूस वार्धक्यातही विसरत नाही. परंतु ते गुरुजी कोठे शिकले, शिकवण्याची विद्या त्यांना कोणी दिली, हा इतिहास क्वचितच सांगितला जातो. या इतिहासाच्या दोन महत्त्वाच्या टप्प्यांवर जैन कुळांत जन्मलेल्या दोन थोर पुरुषांची नावे आढळतात : कर्मवीर भाऊराव पाटील आणि डॉ. दौलतसिंह कोठारी. एकाने शिक्षक घडविण्याचे कार्य खेड्यातील गरिबाच्या दारी नेले. दुसऱ्याने त्या कार्याला विद्यापीठाची प्रतिष्ठा लाभावी असा आग्रह धरला.

महाराष्ट्रात शिक्षक-प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक इलाख्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळा असाव्यात अशी शिफारस केली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि ते शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून यावेत, अशी मागणी केली. ज्या मुलांना शिकवायचे, त्यांच्या जीवनाशी शिक्षकाचे नाते असले पाहिजे, हे मर्म त्यांनी अचूक ओळखले होते.

हे मर्म प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात कर्मवीरांकडे जाते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. खेडोपाडी शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, आणि शहरातील शिकलेला माणूस खेड्यात टिकत नाही, हे त्यांनी जाणले. म्हणून १९३५ साली सातारा येथे त्यांनी प्राथमिक शिक्षकांसाठी 'सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज' सुरू केले. पुढे ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणाला ट्रेनिंगची वाट खुली होती. शेतकऱ्याचा मुलगा श्रमाची लाज न बाळगता शिकावा आणि शिकून पुन्हा खेड्यातच ज्ञानदान करावा, अशी कर्मवीरांची धारणा होती. ज्या गावांत शाळाच नव्हत्या तेथे संस्थेने व्हॉलंटरी शाळा उघडल्या.

तथापि, या व्यवस्थेत एक उणीव राहून गेली. माध्यमिक शिक्षकासाठी विद्यापीठाची पदवी आणि प्राथमिक शिक्षकासाठी अल्प मुदतीचे प्रमाणपत्र, अशी उतरंड तयार झाली. लहान मुलांना शिकविणे सोपे, असा समज त्यातून दृढ झाला. डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) या उणिवेवर बोट ठेवले. उदयपूर येथे १९०६ साली जन्मलेले कोठारी हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. आयोगाचे सदस्य-सचिव होते महाराष्ट्राचे जे. पी. नाईक. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठीय जीवनापासून तुटलेले राहू नये, ते मुख्य प्रवाहात यावे, असा आयोगाचा स्पष्ट अभिप्राय होता.

हा विचार आकारास येण्यास काळ लागला. महाराष्ट्रात बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एड. पदविका हाच प्राथमिक शिक्षकाचा राजमार्ग राहिला. दिल्ली विद्यापीठाने मात्र १९९४ मध्ये बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एल.एड. हा खास प्राथमिक शिक्षणासाठीचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बालनिरीक्षण, भाषा व गणिताचे मूलभूत आकलन, नाट्य, हस्तकला आणि अखेरच्या वर्षी प्रत्यक्ष शाळेतील दीर्घ उमेदवारी यांचा समावेश होता. मूल बेरीज का चुकते, घरची बोली आणि पुस्तकातील भाषा यांत ते कोठे अडखळते, हे ओळखणे हीदेखील एक विद्या आहे, हे या अभ्यासक्रमाने मान्य केले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आली. महाराष्ट्रात ती २०१३ साली प्रथम झाली. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. लहान मुलांना शिकविण्याची तयारी वेगळीच असते, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावयाची आहे. असा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. त्यात बालवाडी ते दुसरी आणि तिसरी ते पाचवी या स्तरांसाठी स्वतंत्र तयारीची सोय आहे.

डॉ. कोठारींच्या आयोगाची अपेक्षा अशा रीतीने फलद्रूप होऊ लागली आहे. पण त्याच वेळी कर्मवीरांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दोन वर्षांच्या जागी चार वर्षे म्हणजे दुप्पट काळ कमाईविना काढणे. तालुक्यापासून दूरच्या महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृह, भोजन हा सारा भार अल्पभूधारकाच्या मुलाने, मजुराच्या मुलीने कसा पेलावा? पदवीने शिक्षकाची प्रतिष्ठा वाढेल. परंतु तिच्यामुळे खेड्यातील गरीब विद्यार्थी या पेशातून बाहेर फेकला गेला, तर फुले-कर्मवीरांची साधना व्यर्थ जाईल. नव्या धोरणात या पदवीसाठी गुणवत्ताधारित शिष्यवृत्त्यांची आणि ग्रामीण भागातील स्थानिक तरुणांना तेथेच नोकरी देण्याची तरतूद सुचविली आहे. ती कागदावर राहू नये, याची दक्षता समाजानेही घेतली पाहिजे.

वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांद्वारे होतकरू विद्यार्थ्यांना आधार देण्याची जैन समाजाची परंपरा दीर्घ आहे. डॉक्टर व इंजिनिअर होणाऱ्यांसाठी दात्यांचे हात नेहमीच पुढे येतात. प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठीही ते तितक्याच आपुलकीने पुढे आले, तर कर्मवीरांची वाट आणि कोठारींचे ध्येय यांचा संगम घडून येईल. एका शिक्षकाला दिलेला आधार पुढील तीस वर्षे वर्गावर्गांतून वाढत राहतो. ज्ञानदानाचे याहून अक्षय स्वरूप दुसरे नाही.