वस्तऱ्याची धार

बाजारातला एक स्वस्त वस्तरा घेऊन मी आमच्या म्हाताऱ्या न्हावीबुवांकडे धार लावायला शिकलो. दगडावर पाते आडवे, पाठ टेकलेली, धार पुढे. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, नाहीतर पट्टा कापलाच! माझ्या वस्तऱ्याचे पोलाद मऊ. धार लागे लवकर, जाई त्याहून लवकर. या कसबावर आणि एका धोकटीवर न्हाव्याचे घर चाले. म्हणूनच १८९० सालची गोष्ट मला मोठी वाटते. सुधारणेवर व्याख्याने देणाऱ्यांचे काही जात नव्हते. यांची मात्र मिळकत बुडणार होती. तरी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी जमले आणि विधवांच्या केशवपनासाठी यापुढे वस्तरा धरायचा नाही, असे त्यांनी ठरवले.