ताडपत्रीखालचा गोंगाट

बागमांडल्याच्या फेरीबोटीतून उतरून हरिहरेश्वरकडे चढाला लागलेली जुनी डिझेल जीप दिसण्याआधी ऐकू येते. या ‘दक्षिण काशी’ला जाणाऱ्यांनी वर्षानुवर्षे हा प्रवास ओरडून बोलतच केला असेल.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा गाडी पेट्रोलवर चालायची. ऐंशीच्या दशकात त्यांच्या एमएम ५४० जीपमध्ये प्यूजोचे २,११२ सीसी डिझेल इंजिन आले. पुढचे एमडीआय इंजिन २,५२३ सीसीचे. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. तेल कमी लागे, खडखड मात्र वाढे. वर ताडपत्री, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा. आवाज अडवणार कोण?

गॅरेजवाल्यांचा पहिला उपाय म्हणजे फोम आणि रेक्झीन. दिसायला झकास, उपयोग जेमतेम. आवाज शिरतो तो पेडलच्या भोकांतून आणि गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटक्या रबरातून. आडोशाच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट उघडी राहिली, तर पत्रा कितीही जाड असो, आवाज २० डेसिबलपेक्षा फारसा जास्त घटत नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी भोके बुजवतो, इंजिनाखालचे चेपलेले रबर बदलतो. मग थरथरणाऱ्या पत्र्यावर डांबरी पट्ट्या चिकटवतो.

किनाऱ्यावर आणखी एक पंचाईत. पायाखाली घातलेला नमदा पावसात खारे पाणी धरून ठेवतो आणि दोन-चार पावसाळ्यांत तळ सडतो. शांततेची ही किंमत जरा जास्तच!

पुढे महिंद्रांच्याच दोन गाड्या, १९९३ची आर्माडा आणि २०००ची बोलेरो, बंद पत्र्याच्या आल्या. त्यांच्यापुरती ताडपत्रीची फडफड कारखान्यातच संपली.