काळी, पांढरी आणि पायाची खोली
(बारामती-इंदापूर परिसरातील भूपरीक्षणाचा एक विचार)

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत जमिनीची पारख दोन हेतूंनी होत आली आहे : एक पिकासाठी, दुसरी पायासाठी. शेतीशास्त्रज्ञ व स्थापत्यविशारद यांची साधने भिन्न असली, तरी दोघांचाही शोध अखेर एकाच ठिकाणी येऊन पोचतो. ते ठिकाण म्हणजे जमिनीखालील पाणी होय.

या प्रदेशाचे अधिष्ठान दख्खनचा बेसाल्ट आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला मऊ खडक व शेवटी कठीण पाषाण, असा सर्वसाधारण क्रम आढळतो. माळावर मातीचा थर पातळ, तर नीरा, कऱ्हा व भीमा यांच्या काठी तो जाड. लोकभाषेने हा भेद फार पूर्वीच टिपला होता. गावठाणाची जमीन ती ‘पांढरी’ आणि पिकाची ती ‘काळी’. ‘पांढर’ या शब्दाला तर गावच्या वस्तीचा, किंबहुना ग्रामसमुदायाचाच अर्थ प्राप्त झाला. हा काही स्थापत्याचा नियम नव्हे. तथापि पिकणारी जमीन वेगळी व घर पेलणारी वेगळी, ही जाणीव त्यात निःसंशय आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते व सुकली की आक्रसून भेगाळते, हा अनुभव त्या जाणिवेच्या मुळाशी असणे स्वाभाविक आहे.

1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि काळीचे स्वरूप पालटू लागले. बारमाही पाण्यावर ऊस उभा राहिला. त्याचबरोबर कालव्याचे व पाटाचे पाणी झिरपून भूजलाची पातळी चढली. बाष्पीभवनाबरोबर क्षार वर आले व चांगल्या जमिनी खारवट झाल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास 1910 मध्ये प्रसिद्ध केला. 1916 मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी जो विशेष विभाग स्थापिला, त्यातूनच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र उदयास आले.

याच सुमारास पायाच्या शोधाची कसोटी दूरच्या देशी आकार घेत होती. बोस्टन येथे 1902 च्या सुमारास चार्ल्स गो याने जमिनीत नळी ठोकून नमुना काढण्याची रीत सुरू केली. कार्ल टर्झागी याने 1947 मध्ये या कसोटीला ‘स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट’ हे नाव दिले. भारतीय मानकानुसार 63.5 किलोग्रॅमचे वजन 75 सेंटिमीटर उंचीवरून पाडतात. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढील 30 सेंटिमीटरसाठी लागलेले ठोके मोजतात. ही संख्या म्हणजे ‘एन’. मायरहॉफ याने 1956 मध्ये एन-मूल्यावरून पाइलची भारक्षमता काढण्याची रीत मांडली. परंतु तिचा मुख्य आधार वाळूची जमीन हा होता.

येथेच काळीचा प्रश्न उपस्थित होतो. उन्हाळ्यात वाळलेली काळी माती दगडासारखी टणक असते, म्हणून ठोके अधिक पडतात. पावसाळ्यात तीच माती मऊ होऊन ठोके घटतात. शिवाय एन हे मूल्य मातीचा प्रतिकार सांगते, तिचा फुगण्याचा जोर सांगत नाही. हलकी इमारत बहुधा भाराने खचण्याऐवजी मातीच्या उचलीने तडकते. त्याउलट, मुरमात नळी अडली म्हणजे खडक लागला असेही नव्हे. बेसाल्ट गोलाकार पापुद्र्यांनी झिजतो व त्याचे कठीण गाभे मधेच राहतात. ते लागले की ठोके व्यर्थ जातात. अशा ठिकाणी खडकाचा गाभा काढून पाहिल्याखेरीज खोल पायाचा तळ ठरविणे धोक्याचे होय.

या अडचणीवर रूढकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत दिनेश मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 नंतरच्या दशकात उपाय विकसित केला. तो म्हणजे तळाशी कंदासारखा फुगवटा असलेली अंडर-रीम्ड पाइल. हा फुगवटा दांड्याच्या सुमारे अडीचपट व्यासाचा असतो. खोल काळ्या मातीत अशी पाइल किमान साडेतीन मीटर नेतात. कारण ऋतुमानाने होणारी आर्द्रतेची चढउतार त्याखाली बहुतांशी थांबते. फुगवटा खालच्या स्थिर थरात रुतून बसतो व वरच्या मातीची उचल रोखतो.

मात्र ‘स्थिर थर’ ही कल्पना स्वतःच कालसापेक्ष आहे. कालव्याने पाण्याची पातळी बदलली; पुढे 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्यात शिरला. 1885 पूर्वीची कोरडी जमीन व आजची भिजट जमीन नकाशावर एकच असली, तरी पायाच्या दृष्टीने ती एक नाही. म्हणून ठोक्यांच्या आकड्याशेजारी परीक्षेचा महिना, पाण्याची पातळी, मातीचा ओलावा व जवळच्या पाटाचे अंतर यांची नोंद अवश्य असावी. या नोंदींवाचून आकडा अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो, आणि त्या चुकीचे मोल घर बांधणाऱ्याला भिंतीच्या भेगांत मोजावे लागते.