नाव नसलेला विषाणू

मे १९९३. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एक तरुण धावपटू आपल्या होणाऱ्या बायकोच्या अंत्यविधीला निघाला होता. वाटेतच त्याला श्वास घेता येईना. तातडीने दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी शर्थ केली, पण तो वाचला नाही. फुप्फुसं पाण्याने भरली होती. त्याची होणारी बायकोही काही दिवसांपूर्वी अशीच गेली होती.

डॉक्टरांनी आसपास चौकशी केली, तर असेच आणखी काही तरुण, धडधाकट लोक दगावल्याचं कळलं. हा भाग ‘फोर कॉर्नर्स’ म्हणून ओळखला जातो. चार राज्यांच्या सीमा इथे एका बिंदूवर मिळतात आणि इथला मोठा मुलूख नवाहो या मूलनिवासी लोकांचा आहे. बातमी फुटली आणि आजाराला नाव मिळालं, ‘नवाहो फ्लू’. रुग्णांमध्ये नवाहो नसलेले लोकही होते, पण एकदा नाव पडलं की पडलं. पत्रकार अंत्यविधीत घुसू लागले. लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेने आपल्या मुलांच्या नवाहो पत्रमित्रांना भेटीला बोलावलं होतं. त्या लहान मुलांना ‘येऊ नका’ असा निरोप गेला.

इकडे अटलांटाच्या सीडीसी या संस्थेत रक्ताचे नमुने तपासले जात होते. काही आठवड्यांतच उत्तर आलं : हा हंताविषाणू आहे. शास्त्रज्ञांचाही विश्वास बसेना, कारण हंताविषाणूचा आजार म्हणजे आशिया-युरोपातला आणि मूत्रपिंडं निकामी करणारा, असंच तोवर ठाऊक होतं. कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांचे तीन हजारांहून जास्त सैनिक त्या तापाने आजारी पडले होते. त्याचा विषाणू १९७६ मध्ये ली हो-वांग या कोरियन शास्त्रज्ञाला शेतातल्या उंदराच्या फुप्फुसात सापडला आणि तिथल्या हंतान नदीवरून त्याचं नाव ठेवलं गेलं. हा अमेरिकी भाऊबंद मात्र थेट फुप्फुसांवर घाला घालत होता.

मग सापळे लागले. घरांत, गोठ्यांत, कोठारांत. गुन्हेगार सापडला तो जेमतेम वीस ग्रॅमचा, पांढऱ्या पोटाचा, टपोऱ्या डोळ्यांचा ‘डिअर माऊस’. पकडलेल्या या उंदरांपैकी जवळपास तीस टक्क्यांमध्ये संसर्गाच्या खुणा होत्या.

उंदीर आणि साथ म्हटलं की आपल्याला १८९७चं पुणं आठवतं. पण प्लेगचा जिवाणू उंदराला मारतो आणि पिसवांमार्फत माणसात येतो. इथे उंदीर ठणठणीत असतो. विषाणू त्याच्या मुतात, लेंडीत, लाळेत असतो. ती घाण वाळते, कुणी बंद खोली झाडायला घेतं आणि धुळीबरोबर विषाणू श्वासात जातो. एक ते आठ आठवड्यांनी ताप येतो, मांड्या आणि पाठ दुखते. काही दिवसांनी दम लागतो. विषाणूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती इतकी भडकते की फुप्फुसांतल्या केशवाहिन्या पाझरू लागतात. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. दहापैकी जवळपास चार रुग्ण दगावतात. पण हा विषाणू माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणजे त्या मुलांकडून कुणालाच धोका नव्हता.

मग १९९३च का? आधी काही वर्षं दुष्काळ होता. नंतर एल निन्योमुळे भरपूर बर्फ आणि पाऊस पडला. गवत वाढलं, चिलगोज्यासारख्या पिन्यॉनच्या बिया लगडल्या आणि वर्षभरात उंदीर दहापट झाले. हे संशोधकांचं उत्तर. नवाहो म्हाताऱ्यांनी वेगळं काही सांगितलं नाही. पिन्यॉन भरपूर पिकलं की उंदीर वाढतात आणि आजार येतो, १९१८ आणि १९३३ मध्येही असंच झालं होतं, असं ते म्हणाले. उंदराची जागा घराबाहेर, तो कपड्यांवरून फिरला तर ते कपडे जाळायचे, अशी त्यांची जुनी रीतच होती. ज्यांच्यावर आजाराचा ठपका आला, त्यांच्याचकडे त्यापासून वाचायचे नियम होते.

आता विषाणूचं बारसं राहिलं होतं. ‘फोर कॉर्नर्स’ नावाला स्थानिकांनी विरोध केला. मग ‘म्युर्तो कॅन्यन’ सुचलं. पण कॅन्यन देल म्युर्तो ही नवाहोंच्या मुलुखातली दरी. तिथे १८०५ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी त्यांची कत्तल केली होती. पुन्हा विरोध झाला. अखेर स्पॅनिशमध्येच नाव ठेवलं, ‘सिन नोम्ब्रे’. अर्थ, नाव नसलेला.

पुढे जुने जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा १९५९ मध्ये यूटातल्या एका माणसालाही हाच आजार झाल्याचं दिसलं. विषाणू नवा नव्हताच, फक्त दिसला उशिरा.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तो पुन्हा आला. पर्यटकांसाठीच्या दुहेरी भिंतींच्या तंबूंत, भिंतींमधल्या पोकळीत उंदरांनी घरं केली होती. दहा जण आजारी पडले, तिघे गेले. ते तंबू बंद झाले, तिथे राहून गेलेल्यांना सावध केलं गेलं.

त्या आजाराला ‘पर्यटक फ्लू’ मात्र कुणी म्हटलं नाही.