उलटे पाकीट

यंदा स्मरणिकेसाठी "काहीतरी टेक्निकल लिहा" असा चिटणिसांचा आग्रह होता. रूळ आणि पॉइंट्सवर लिहिले तर ते आमच्याच ऑफिसातले चौघे वाचणार, म्हणून मी टाळत होतो. तेवढ्यात घराची रंगरंगोटी निघाली आणि माळ्यावरून आईचा बिस्किटांचा जुना डबा खाली आला. आईला जाऊन चार वर्षे झाली. डब्यात सुया-दोरे असतील असे वाटले होते. निघाली पाकिटे. एकूण एकतीस, सगळी घरी केलेली, एकही न वापरलेले.

आजच्या मुलांसाठी थोडे सांगतो. आलेले पाकीट आई कधी टराटरा फाडत नसे. भाताच्या पातेल्यावरच्या वाफेत धरून त्याचे जोड सोडवायचे, कागद उलटा करायचा आणि त्याच घड्यांवर पुन्हा चिकटवायचा. आतली कोरी बाजू बाहेर, जुना पत्ता आत. चिकटवायला मैद्याची खळ. झुरळांनी खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. उलटायला पाकीट नसले तर जुने कॅलेंडर. चौरस कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणले की पाकीट तयार. २१ सेंटिमीटरच्या चौरसाचे पाकीट १४.८ सेंटिमीटरचे होते आणि फुलस्केपऐवजी ए-४ कागदाची चौघडी घातली तर तीही बरोबर तेवढीच लांब भरते, म्हणजे आत जात नाही. म्हणून आई २४ सेंटिमीटरचा चौरस घ्यायची. क्लिअरन्स ठेवावा लागतो हे मला पॉलिटेक्निकच्या आधी आईने शिकवले.

हे कुठे शिकलीस, असे विचारले की म्हणायची, "वर्ध्याला सगळेच करत." तिचे माहेर वर्ध्याचे. गांधीजी आलेली पाकिटे कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत, हे प्रसिद्धच आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत आले. तिथल्या उद्योगांत हातकागद होता. पुढे १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. कागद वाया घालवू नये ही शिकवण त्या भागातल्या घरांत मुरली होती. आमच्या रेल्वेच्या ऑफिसांतही जुन्या पाकिटावर 'इकॉनॉमी स्लिप' डकवून तेच पाकीट पुन्हा पाठवण्याची पद्धत होती. जुन्या मंडळींना ती पांढरी पट्टी आठवत असेल.

खरे म्हणजे पाकीट ही वस्तू फार जुनी नाही. पेशवाईत जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर मोडीत पत्र लिहायचे, घडी घालायची, लखोटा बंद करायचा आणि जासुदाच्या हाती द्यायचा. इंग्लंडातही १८४० पूर्वी टपालाचा दर कागदांच्या संख्येवर असे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे आणखी पैसे. म्हणून लोक पत्राचीच घडी घालून तिच्यावर पत्ता लिहीत. १८४० मध्ये पेनी पोस्ट आले, दर वजनावर ठरू लागला आणि पाकिटाचे दिवस आले. १८४५ मध्ये तिथे पाकिटाच्या घड्या घालणाऱ्या यंत्राचे पेटंट झाले.

आपल्याकडे १८५४ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर आपले छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सबंध हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटे सुरू झाली. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ चे. मग रेल्वे आली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे आधी मीटरगेज होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. १८९१ मध्ये नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. टपालाच्या थैल्या आणि मराठी माणसे एकाच गाडीने इकडे येऊ लागली.

जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. संपादनात रामराव चिंचोळकर आणि प्रकाशक आपल्या रायपूरचे वामनराव लाखे. तिन्ही नावे मराठी. रेल्वे आणि टपाल नसते तर जंगलातल्या त्या गावातून मासिक चालवायचे कोणाच्या मनातही आले नसते.

आणखी एक मराठी नाव सांगतो. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची अनेक गावे, त्यात पत्ते अनेक लिप्यांत. एक रायपूर तर डेहराडूनजवळही आहे. यावर उपाय म्हणून त्यांनी सहा आकडी पिनकोडची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्राचा ४ आणि आपलाही ४. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे राज्य झाले, २००३ मध्ये आमचा रेल्वे झोनही वेगळा झाला, पण टपालखात्याच्या लेखी आपण आणि महाराष्ट्र अजून एकाच घरात आहोत.

आता माझी गोष्ट. बाबा वॅगन रिपेअर शॉपमध्ये फिटर. मी हिंदी माध्यमात. घरात मराठी बोलायचो, पण लिहिता येत नव्हते. १९९२ मध्ये एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावरून आईने मला सांगली जिल्ह्यातला एक मित्र शोधून दिला. मी सहावीत, तोही सहावीत. आईची अट एकच, पाकीट ती करणार, पत्र मी लिहायचे.

पहिल्या पत्रात मी लिहिले, "तुझे पत्र भेटले. मी तुझी वाट बघून राहिलो आहे." उत्तर आले तेव्हा पाकिटात माझेच पत्र परत, लाल शाईने दुरुस्त केलेले. "पत्र मिळते, भेटत नाही. वाट बघतोय, बघून राहिलो नाही." मी इतका रागावलो की आठ दिवस उत्तर लिहिले नाही. आई काही बोलली नाही. फक्त एक नवे उलटे पाकीट करून माझ्या दप्तरात ठेवले. मी लिहिले.

एकदा मी त्याला आपल्या इकडच्या धानाच्या चार लोंब्या पाठवल्या. वजन जास्त झाले, तिकीट कमी पडले आणि पाकीट बेरंग झाले. नियमाप्रमाणे त्याच्या वडिलांना कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे भरावे लागले. त्याने लिहिले, "तुमचे भात चांगले आहे, पण महाग आहे." पुढच्या पत्रात आईने तेवढ्या पैशांची तिकिटे घातली.

चार वर्षांनी पत्रे थांबली. भांडण नाही, काही नाही. दहावी आली, मग मी डिप्लोमाला गेलो. त्याचे शेवटचे पत्र आले होते, उत्तर मी द्यायचे होते. "लिहिलेस का?" असे आई वर्षभर विचारत होती. मग तिने विचारणे सोडले. पाकिटे करणे सोडले नव्हते, हे मला त्या डब्यावरून आता कळले.

आज हा लेख मी मराठीत लिहू शकतो तो त्या लाल शाईमुळे. आमच्या कन्येला मराठी बोलता येते, वाचताना अडखळते, लिहिता येत नाही. ती माझ्याच जागेवर उभी आहे, फक्त तिला पाकीट करून देणारे कोणी नाही. तार २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले. साधे पत्र मात्र अजून जाते.

म्हणून मंडळाकडे एक विनंती. यंदा मुलांच्या चित्रकला स्पर्धेच्या दिवशी एक तास पाकिटांसाठी ठेवावा. कागद आणि खळ मी आणतो. प्रत्येक मुलाने महाराष्ट्रातल्या आजीला, मावशीला, आत्याला एक मराठी पत्र लिहावे. चुका झाल्या तर होऊ द्याव्यात.

त्या एकतीस पाकिटांतले एक मी घेतले. जुना पत्ता माझ्या डायरीत होता. तो आता तिथे राहतो की नाही, कोण जाणे. तीस वर्षांनी लिहिले, "तुझे पत्र भेटले." यावेळी चूक मुद्दाम केली आहे. त्याला भेटले तर लाल शाईने परत येईल.