बसचा वेग आणि माझी तीन प्रकरणे

बस म्हटली की आमच्या गडचिरोलीकडच्या माणसाला एस.टी. आठवते, आणि तिच्या वेगाविषयी प्रत्येकाचे मत तयार असते. मी लिहितो आहे ती बस मात्र संगणकाच्या पोटात असते. मेंदू, स्मरण आणि तबकडी यांच्यामध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या तारांच्या जुडग्याला हे नाव आहे. ही बस एका ठोक्यावर चालते. तो ठोका किती जलद पडतो हे आज्ञावलीला कळावे कसे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्यानेच माझ्या कादंबरीची तीन प्रकरणे गिळली.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, तेव्हा विचारण्याची गरजच नव्हती. ठोका एकच, सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार. तोच गृहीत धरून कित्येकांनी खेळ लिहिले. १९८४ साली ६० लाख ठोक्यांचे यंत्र निघाले आणि त्या खेळांतली चित्रे उगाच धावू लागली. मग पेट्यांवर वेग कमी करण्याचे बटण आले. त्याला नाव काय दिले, तर टर्बो!

पुढे १९९२ साली पीसीआय नावाची बस निघाली. तिचा नेहमीचा ठोका सेकंदाला ३ कोटी ३० लाख. पण पेन्टियम ७५ च्या यंत्रात तो अडीच कोटी, पेन्टियम ९० मध्ये तीन कोटी. आणि गंमत अशी की हा आकडा ही बाई कोठेच लिहून ठेवीत नसे. हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्समध्ये तबकडी हाकणारी जी आज्ञावली होती, ती यंत्र चालू होताना सरळ सांगे : मी ३३ धरते आहे, वेगळा असेल तर कळवा. मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या मला हा प्रांजळपणा फार आवडला.

मी तेव्हा विशीत होतो. चंद्रपूरहून एक जुने पेन्टियम ७५ आणले होते. देवनागरी नीट उमटेना, म्हणून रोमन अक्षरांत मराठी कादंबरी लिहीत असे. जाणत्या मुलाकडून विचारून मी २५ हा आकडा लिहून ठेवला. तो बरोबरच होता. पावसाळ्यात यंत्राची मुख्य पाटी जळाली. तिच्या जागी पेन्टियम १३३ ची जुनी पाटी बसवली. तिची बस ३३ ची. लिहिलेला २५ मात्र मी विसरलो.

आता हिशेब पाहा. तबकडीला एक घास गिळायला १२० नॅनोसेकंद हवेत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे १२० भाग. २५ च्या बसचा ठोका ४० चा, म्हणून आज्ञावली तीन ठोके थांबे. ३३ च्या बसचा ठोका ३० चा. तेच तीन ठोके ९० मध्ये संपले. आमच्याकडे सागाचे ओंडके ट्रकवर चढवताना मुकादम तीन म्हणेपर्यंत वरचा गडी हात सरसावतो. मुकादमच भराभर मोजू लागला तर ओंडका कुणाच्या तरी पायावर! उलट चूक, म्हणजे २५ च्या बसला ३३ धरणे, निरुपद्रवी. चार ठोके थांबून १६० होतात, काम थोडे रेंगाळते इतकेच. म्हणूनच शंका असल्यास ३३ धरा, असा त्या मंडळींचा लेखी सल्ला होता. तो मी वाचलेला नव्हता.

आठवडाभराने फाइली उघडल्या, तो नायिकेच्या संवादात नुसती चिन्हे.

१९९६ मध्ये यूएसबी आली. ती घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. तिच्यात पाहुणाच दारात आपली चाल सांगतो. दोन तारांपैकी एकीला छोटासा रोधक जोडलेला असतो. एका तारेवर असला तर सेकंदाला १५ लाख बिट, दुसरीवर असला तर १ कोटी २० लाख. २००० साली ४८ कोटींची चाल आली, तेव्हा पाहुण्याने बारीक चिवचिव करायची आणि यजमानाने तशाच चिवचिवाटाने उत्तर द्यायचे, असे ठरले. आज्ञावलीने फक्त दारावरची नोंद वाचायची.

तबकडी हाकणारा तो जुना भाग २०२१ साली लिनक्समधून काढून टाकला. माझी दोन प्रकरणे मी वहीत पुन्हा लिहिली. तिसरे, वैनगंगेच्या पुराचे, दोनदा लिहून पाहिले; पहिल्यासारखे उतरले नाही. कादंबरी त्याच्यावाचूनच छापली.