नाव चिंचेचं, कूळ सावरीचं

मांडूला गेलेल्या प्रत्येकीने ती जाडजूड झाडं पाहिली असतील. बुंधा रांजणासारखा, आणि पानं झडली की कुणी झाड उपटून उलटं रोवलंय असंच वाटतं. तिथल्या बाया त्याची लांबोडकी फळं विकायला बसतात. आतला पांढरा गर आंबट लागतो, म्हणून माळव्यात तिला खुरासानी इमली म्हणतात आणि आपण मराठीत गोरखचिंच. दोन्ही भाषांनी चव पाहून नाव ठेवलं. पण चिंचेच्या कुळाशी तिचा संबंध नाही.

मग कूळ ठरवायचं कसं? स्वीडनच्या लिनियसने अठराव्या शतकात फुलातले पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. पद्धत सोपी, पण सगळी भिस्त एकाच अवयवावर. फ्रान्सचा मिशेल अ‍ॅडन्सन 1749 साली आफ्रिकेत सेनेगलला गेला. तिथे त्याने हेच झाड, बाओबाब, बारकाईने अभ्यासलं. 1763 मध्ये आलेल्या ग्रंथात त्याने मांडलं की एका खुणेवर जाऊ नका, मूळ, पान, फूल, फळ, बी सगळं पाहा. गंमत अशी, की याच झाडाला पुढे त्याचं नाव मिळालं, अ‍ॅडन्सोनिया, आणि ते रूढ केलं लिनियसने!

1859 मध्ये डार्विनने सांगितलं की हे साम्य येतं ते समान पूर्वजांकडून. तेव्हापासून वर्गवारी म्हणजे वंशावळ झाली. गेल्या तीस-चाळीस वर्षांत डीएनए वाचता येऊ लागला आणि 1998 साली सावरीचं कूळ जास्वंदीच्या कुळात मिळवलं गेलं. गोरखचिंच सावरीच्या घरातली, म्हणजे कापूस, भेंडी, अंबाडी ही तिची भावकी. खरी चिंच शेंगांच्या कुळातली, तूर-मूग-हरभऱ्याची नातलग. लग्नानंतर आपलं आडनाव बदलतं, माहेरचं रक्त बदलत नाही, तसंच हे.

आपल्याकडेही जीवांची वर्गवारी फार जुनी आहे. तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या संख्येवरून जीव सांगितले आहेत. वनस्पती एकेंद्रिय, कृमी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, भुंगा चतुरिंद्रिय, माणूस पंचेंद्रिय. तिथे चिंच आणि सावरी एकाच पंक्तीत बसतात. कुणी म्हणेल, मग खरं कोणतं? माझ्या मते प्रश्नच वेगळे आहेत. कोणाला किती जाणीव आहे, म्हणजे आपण कोणाला किती जपायचं, हा शास्त्रांचा प्रश्न. कोण कोणापासून आलं, हा जीवशास्त्राचा. एकाचं उत्तर दुसऱ्याकडे मागू नये.

आता थोडं ‘परकं’ या शब्दाबद्दल. खुरासान इराणकडे, पण हे झाड तिथलं नव्हेच. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या गोरखचिंचांचा डीएनए आफ्रिकेतल्या झाडांशी ताडून पाहिला. तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडच्या झाडांशी जुळला, आणि ही झाडं इथे एकदाच नव्हे, अनेकदा आली असं दिसलं. माणसांबरोबर, जहाजांतून. आणि आपली आमटीतली चिंच? अरबांनी तिला तमर हिंदी, म्हणजे हिंदी खजूर म्हटलं, शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ आहे, तरी तिचं माहेर आफ्रिकाच! एकीला आपण परदेशी म्हटलं, दुसरीला घरची, आणि आल्या दोघी एकाच खंडातून.

काही वर्षांपूर्वी धार जिल्ह्यातली ही जुनी झाडं मुळासकट उपटून हैदराबादकडे न्यायला सुरुवात झाली, तेव्हा गावकरी आडवे आले आणि प्रकरण इंदूरच्या खंडपीठापर्यंत गेलं. बाहेरून आलेलं झाड, गेलं तर गेलं, असं त्या लोकांनी म्हटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी त्याची फळं खाल्ली होती.

पुढच्या वेळी मांडूला गेलात तर पावसाळ्यात जा. गोरखचिंचेचं पान हातात घ्या. पंजासारखी पाच-सहा बोटं दिसतील, अगदी सावरीसारखी. मग शेजारी चिंचेचा पाला पाहा. कूळ डोळ्यांनाच कळेल.